बाणाला पिसे बसवायची तर खर्च किती?
पेण-रोह्यातल्या पारंपरिक तिरंदाजांसाठी ग्राहक मार्गदर्शन

धनुष्य घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. बाणाची पिसे मात्र दुकानदार देईल ती आणि लावील तशी घेतो. बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यावर बोटांनी दोरी ओढणाऱ्याला ही बेफिकिरी महागात पडते. पिसे वेडीवाकडी असतील तर चांगले धनुष्यही बाण एका जागी नेऊ शकत नाही. सहा बाण सहा ठिकाणी जातात आणि नवखा खेळाडू दोष आपल्या हाताला देतो. शालेय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याने ‘इंडियन राउंड’ खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी आणि छंद म्हणून तिरंदाजी शिकणाऱ्या मोठ्यांनी पैसे मोजण्याआधी या खर्चाचा हिशेब नीट समजून घ्यावा.

आधी थोडक्यात उत्तर. बारा बाणांना प्रत्येकी तीन पिसे घरी बसवायची तर पहिल्या खेपेला साधारण २,६०० रुपये धरा, कारण त्यात अवजाराची किंमत येते. पुढच्या प्रत्येक डझनाला ७५० रुपयांच्या आसपास पुरतात. बाहेरून करून घेतले तर डझनाला १,५०० ते १,६०० रुपये. ही रक्कम बजेट आखण्यासाठी आहे. दुकान, पिसाची जात आणि कुरिअर यांनुसार ती बदलते. म्हणून पुढे हिशेबाची रीतही दिली आहे. तुम्हाला मिळालेले दर त्यात घालून बेरीज पुन्हा करा.

पिसे नेमके काय करतात

बोटांनी दोरी सोडली की ती सरळ पुढे जात नाही, बोटांवरून किंचित बाजूला घसरते. त्या झटक्याने बाणाची काडी वाकते आणि धनुष्याला वळसा घालून पुढे निघते. हे वाकणे लवकर थांबले पाहिजे. शेपटाकडची पिसे हवेला अडवतात, त्यामुळे मागचा भाग मागेच राहतो आणि टोक पुढे राहते. पिसे थोडी तिरकी असतील तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि काडीतला बारीक बाक एकाच दिशेला खेचत नाही.

महाराष्ट्राच्या आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले. तेव्हापासून पुष्कळ घरांत मुले तिरंदाजीचा हट्ट धरू लागली आहेत. हे दोघेही कंपाउंड धनुष्याचे खेळाडू. त्यांच्या बाणांना प्लॅस्टिकची छोटी पाती असतात आणि बाण सुटताना ती कशालाही घासणार नाहीत अशी सोय धनुष्यावरच असते. बांबूच्या धनुष्यावर बाण हाताच्या मुठीला किंवा लाकडी कडेला घासूनच बाहेर पडतो. नैसर्गिक पीस त्या वेळी दबते आणि पुन्हा उभे राहते. प्लॅस्टिकचे पाते दबत नाही, ते बाणाला बाजूला ढकलते. टीव्हीवर पाहिले म्हणून प्लॅस्टिकची पाती विकत घेतली तर ते पैसे वाया जातात.

फुकट मिळणारी चार मापे

पिसे, गोंद, अवजार यांना पैसे पडतात. पिसे कुठे बसवायची याला पडत नाहीत आणि बाणाचे उडणे बरेचसे यावर अवलंबून असते. दुकानात काम द्यायचे असेल तरी ही मापे कागदावर लिहून द्या.

पहिले माप, खाचेपासूनचे अंतर. ज्या खाचेत दोरी बसते तिच्या तळापासून पिसाच्या मागच्या टोकापर्यंत साधारण २५ मिलिमीटर ठेवा. पीस जितके मागे तितकी बाण सरळ करण्याची ताकद जास्त, पण फार मागे नेले तर दोरी ओढताना बोटे त्याला चुरगाळतात. लहान मुलांच्या बारीक बोटांना २० मिलिमीटर पुरतात. जाड बोटांना किंवा जाड दस्ताना घालणाऱ्यांना ३० लागतात. संचातल्या सगळ्या बाणांवर मात्र हे अंतर एकच हवे.

दुसरे माप, पिसांमधले अंतर. तीन पिसे काडीभोवती समान अंतरावर, म्हणजे १२० अंशांवर बसतात. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. कागदाची अरुंद पट्टी काडीभोवती गुंडाळा, एक फेरा जिथे पुरा होतो तिथे खूण करा आणि त्या लांबीचे तीन समान भाग पाडा. काडी ८ मिलिमीटर जाड असेल तर फेरा सुमारे २५ मिलिमीटर भरतो, म्हणजे दोन पिसांत साधारण ८.४ मिलिमीटर. पट्टी पुन्हा काडीवर लावून पेन्सिलीने खुणा करा.

तिसरे माप, मुख्य पिसाची दिशा. तीनपैकी एक पीस खाचेच्या रेषेला काटकोनात बसते. बाण दोरीवर चढवल्यावर हे पीस धनुष्याच्या विरुद्ध बाजूला बाहेर येते, म्हणजे उरलेली दोन पिसे धनुष्याजवळून कमी घासत जातात. मुख्य पीस वेगळ्या रंगाचे घ्या, घाईतही बाण उलटा चढणार नाही. खाच आधी आणि पिसे नंतर, हा क्रम मोडू नका. बांबूच्या काडीवर खाच पेराजवळ घ्यावी आणि तिच्याखाली दोऱ्याचे घट्ट वेटोळे द्यावे, नाहीतर दोरीच्या माराने काडी फाटते.

चौथे माप, तिरकेपणा. वीस-तीस मीटरवरच्या निशाणासाठी चार इंची पिसाचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा सुमारे २ मिलिमीटर बाजूला असले की पुरते. तिन्ही पिसे एकाच दिशेला कललेली हवीत. जास्त तिरकेपणाने बाण लवकर सावरतो, पण वेग लवकर गमावतो आणि लांबच्या निशाणावर खाली पडतो.

चार पिसांचा बाण कुठल्याही बाजूने चढवता येतो, लहान मुलांना ते सोपे जाते. पण डझनाला ३६ ऐवजी ४८ पिसे लागतात. पीस १५ रुपयांचे धरले तर १८० रुपये जास्त आणि बसवण्याचे काम तिसऱ्या हिश्शाने वाढते.

पीस निवडताना

बाणाला पंखाची लांब, ताठ पिसे लागतात, अंगावरची मऊ पिसे चालत नाहीत. बाजारात मिळणारी चांगली पिसे पाळीव टर्कीची असतात. पाळीव हंसाची पंखपिसेही चालतात. ब्रॉयलर कोंबडीची पिसे आखूड आणि मऊ असल्याने टिकत नाहीत.

डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळते आणि उजव्या पंखाचे दुसऱ्या. दोन्हींपैकी कुठलेही चालेल, तुम्ही डावखुरे असा की उजवे. पण एका बाणावर, आणि शक्यतो संपूर्ण संचात, दोन्हींची सरमिसळ नको. तपासणी सोपी आहे. दोन पिसे एकाच दिशेने एकमेकांवर ठेवा. बाक जुळला तर पंख एकच. सुट्टी पिसे स्वस्तात देणाऱ्याकडून घेताना ही तपासणी केलीच पाहिजे, कारण मिश्र पिसांची थैली अर्ध्या किमतीत मिळाली तरी त्यातली बरीच पिसे बाजूला पडतात.

आकाराने चार किंवा पाच इंची पिसे घ्या. लांब पीस बाणाला लवकर सावरते, म्हणून नवशिक्याला पाच इंची बरे. तीन पाच इंची पिसांचे मिळून वजन एक ग्रॅमहून कमी असते, त्यामुळे शेपूट जड होईल ही भीती नको.

आता कायद्याची गोष्ट. जुन्या काळी बाणांना गिधाडाची पिसे लावत. आज रानातून वेचलेली घार, घुबड किंवा गिधाड यांची पिसे बाणाला लावण्याचा मोह टाळा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये वन्यप्राण्याच्या अवशेषांत पिसांचाही समावेश आहे आणि ती बाळगणे-विकणे तुम्हाला अडचणीत आणू शकते. रोहा आणि मुरूड तालुक्यांत फणसाड अभयारण्य आहे आणि याच जिल्ह्यात म्हसळ्याकडे गिधाडांना जगवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे खपत आहेत. अशा भागात रानपिसांचा बाजार तयार होऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे. विकणाऱ्याला सरळ विचारा, पीस कुठल्या पाळीव पक्ष्याचे आहे, आणि बिलावर तसे लिहून घ्या.

तीन मार्ग, तीन हिशेब

पुढचा हिशेब बारा बाणांचा, म्हणजे ३६ पिसांचा आहे. दहातले एखादे पीस कापताना किंवा चिकटवताना बिघडते, म्हणून ४० पिसे धरली आहेत.

पहिला मार्ग, घरी जिग वापरून. जिग म्हणजे काडी आणि पीस ठरावीक कोनात धरून ठेवणारे छोटे अवजार.
• कापून तयार देशी पिसे, १५ रुपये दराने ४०: ६०० रुपये
• साधी प्लॅस्टिकची जिग: १,५०० रुपये
• गोंद, पॉलिश पेपर, स्पिरिट, दोरा, वॉर्निश मिळून: ५०० रुपये
• एकूण: २,६०० रुपये, म्हणजे बाणामागे सुमारे २१७ रुपये

दुसऱ्या डझनाला जिग तीच आणि बरेच साहित्य शिल्लक असते. पिसांचे ६०० आणि किरकोळ १५० धरून ७५० रुपये होतात, बाणामागे साधारण ६३. आयात केलेली टर्कीची पिसे घेतली आणि दर ४० रुपये पडला तर नुसत्या पिसांचेच १,६०० रुपये होतात. सुरुवातीला त्यांची गरज नाही. लोखंडी परदेशी जिगची किंमत कितीतरी पट असते, ती एका घराने नव्हे, शाळेने किंवा मंडळाने घ्यावी.

दुसरा मार्ग, बाहेरून बसवून घेणे.
• मजुरी, बाणामागे ६० रुपये: ७२० रुपये
• पिसे, बाणामागे ४५ रुपये: ५४० रुपये
• कुरिअर जाऊन-येऊन: ३०० रुपये
• एकूण: १,५६० रुपये, म्हणजे बाणामागे १३० रुपये

पहिल्या डझनाला हा मार्ग स्वस्त आहे. दोन डझनांपर्यंत घरचा खर्च ३,३५० आणि बाहेरचा ३,१२०, म्हणजे जवळपास सारखे. तिसऱ्या डझनाला घरचे एकूण ४,१०० होतात तर बाहेरचे ४,६८०. म्हणजे वर्षात एकच संच लागणार असेल तर बाहेर द्या, तीन संच किंवा वारंवार दुरुस्ती असेल तर जिग घ्या. तीन घरांनी मिळून एक जिग घेतली तर पहिल्या डझनाचा वाटा १,६०० रुपयांवर येतो आणि पहिल्याच खेपेपासून बाहेरच्या खर्चाशी बरोबरी होते. पेणसारख्या गावात शेजारच्या दोन पालकांशी बोलणे हीच सर्वांत मोठी बचत आहे.

तिसरा मार्ग, जिगशिवाय, दोऱ्याने. कागदी पट्टीच्या खुणांवर पीस टेकवून पुढचे आणि मागचे टोक दोऱ्याने आवळायचे, मग पिसाच्या केसांमधून दोरा सर्पिल फिरवत न्यायचा. यात जिगचे १,५०० रुपये वाचतात आणि गोंद नावापुरता लागतो. पहिले काही बाण वेळ खातात, पण एकदा हात बसला की काम पक्के होते. ओल्या हवेत गोंद सुटला तरी दोरा पीस धरून ठेवतो.

वेळेचाही हिशेब मांडा. एकाच पिसाची जिग आणि सावकाश वाळणारा गोंद असेल, प्रत्येक पिसाला १५ मिनिटे धरली, तर ३६ पिसांना ९ तास लागतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने हेच काम एका दुपारी होते. पण त्यात चूक सुधारायला अवधी मिळत नाही. पहिला डझन सावकाश वाळणाऱ्या गोंदाने करा, हात बसल्यावर झटपट गोंद वापरा.

पेण-रोह्यात कुठे काय मिळेल

तिरंदाजीचे खास साहित्य, म्हणजे कापलेली पिसे, जिग आणि नॉक (शेपटाला बसवायची तयार खाच), मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवायचे असे धरूनच बजेट आखा. बाकी सगळे इथेच मिळते. पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्तिकारांना लागणारे रंग, ब्रश, लॅकर, थिनर आणि पॉलिश पेपर दुकानांत सहज मिळतात. बाणाच्या काडीवर रंगाचे पट्टे ओढायला आणि वॉर्निशचा हात द्यायला हेच साहित्य लागते. ही खरेदी गणेशोत्सवाच्या आधीच्या घाईत करू नका, त्या दिवसांत दुकानदाराला तुमच्या पाव लिटरच्या डब्यासाठी वेळ नसतो. रोहेकरांना दिवा–रोहा मेमूने पेणला येऊन खरेदी करता येते. गाडीत बाण न्यायचे असतील तर टोके झाकून, नळीत किंवा पेटीत घालून न्या.

काडीसाठी सरळ, भरीव आणि नीट वाळलेला बांबू लागतो. खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला आणि न्यायला आता वनखात्याचा परवाना लागत नाही, कारण २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. वनजमिनीवरच्या बांबूला मात्र ही मोकळीक नाही. कातकरी आणि ठाकूर समाजात धनुष्यबाणाची जुनी परंपरा आहे आणि वाड्या-पाड्यांवर बांबू ओळखणारे, आगीवर काडी सरळ करणारे जाणकार हात आजही भेटतात. अशा माणसाकडून काड्या घडवून घेतल्या तर मजुरीत घासाघीस करू नका. काडी सरळ करणे हे पीस बसवण्यापेक्षा कठीण काम आहे, त्याचे दाम पुरते द्या. बाण निशाणासाठीच वापरायचे, हे मुलांना सांगून ठेवा. वन्यप्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे.

पावसाळ्याचा खर्च वेगळा धरा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पुण्यातल्या माणसाला न लागणारा खर्च इथे लागतो. भिजलेले पीस चप्प बसते आणि बाण वाऱ्यावर भरकटतो. बांबू ओलावा घेतो आणि वाकतो. झटपट गोंद दमट हवेत लवकर आवळतो आणि त्याच्या कडेला पांढुरकी पूड उमटते. ती पुसली की काम भागते, पण गोंद नीट पसरायच्या आत आवळला असेल तर पीस पुढच्या महिन्यात उचलते.

म्हणून पिसे बसवण्याचे काम शक्यतो दिवाळी ते मे या काळात उरका. काडीवर वॉर्निशचे दोन हात द्या आणि खाच व टोकाजवळचा उघडा भागही त्यात येऊ द्या. पिसे जिथे चिकटायची तिथे गोंद आणि वॉर्निश एकमेकांना धरतात का, हे आधी टाकाऊ काडीवर पाहा. बाण उभे, हवेशीर डब्यात ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. यासाठी हंगामाला १०० ते १५० रुपये पुरतात. चप्प झालेले पीस फेकू नका. किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरले की ते पुन्हा उभे राहते. फाटलेले एकच पीस बदलायला गोंदासह २० रुपयांच्या आसपास खर्च येतो, त्यासाठी नवा बाण घेण्याची गरज नसते.

माल ताब्यात घेताना

बाहेरून काम करून घेतले असेल तर पैसे चुकते करण्याआधी एवढे पाहा.
• सगळे बाण खाचेकडून एका ओळीत टेकवा. पिसांची मागची टोके एका रेषेत हवीत.
• बाण खाचेकडून डोळ्यासमोर धरा. तीन पिसांमधली अंतरे सारखी दिसली पाहिजेत.
• सर्व पिसांचा बाक आणि कल एकाच दिशेला हवा.
• पिसाच्या पुढच्या टोकावर बोट फिरवा. दांडा टोचला तर बाण सुटताना तो हात कापू शकतो. तिथे उतार घासून गोंदाचा थेंब किंवा दोऱ्याचा वेढा हवा.
• पीस हलकेच बाजूला ओढून पाहा. कड उचलली तर काम परत द्या.
• स्पर्धेसाठी संच असेल तर पिसे, नॉक आणि पट्टे यांची रंगसंगती सगळ्या बाणांवर एकच हवी आणि प्रत्येक काडीवर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे हवीत.

मग दहा-बारा मीटरवरून, मागे भक्कम आड आणि मोकळी जागा पाहून, सहा बाण सोडा. सगळे एकत्र पण बाजूला लागले तर पिसे ठीक आहेत, दोष काडीच्या ताठपणात किंवा दोरीवरच्या जागेत असू शकतो. नेमका एकच बाण दर वेळी वेगळा जात असेल तर त्याला खूण करा आणि त्याची पिसे तपासा.

बिल मागायला संकोच करू नका. बिलावर पिसाची जात, लांबी, एकूण नग, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. ऑनलाइन मागवलेल्या मालाचे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. माल सदोष निघाला आणि विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागले नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. डझनभर बाणांसाठी कोण आयोगाकडे जाणार, असे वाटेल. पण बिल मागणारा ग्राहक पाहिला की विक्रेताही मापात काम करतो.

आधी खर्च कुठे करावा

हातात दोन हजार रुपये असतील तर महाग पिसे घेऊ नका. सरळ काड्या घ्या, साधी पण एकाच पंखाची पिसे घ्या आणि मापे पाळून बसवून घ्या. तीन हजार असतील आणि सोबत आणखी एखादे घर असेल तर जिग घ्या. त्याहून जास्त असतील तर सहा काड्या जादा घेऊन ठेवा, कारण मुलांचे बाण पिसे झिजण्याआधीच मोडतात किंवा गवतात हरवतात.

पैसा पिसाच्या रंगाला किंवा परदेशी नावाला नको, बारा बाण एकसारखे होण्याला द्या. बाण एकसारखे असले की चुकलेला नेम कुठे चुकला ते खेळाडूला कळते. ते कळले की प्रशिक्षकाचे शब्द उपयोगी पडतात आणि मूल रोज थोडे पुढे जाते. आदिवासी पाड्यावरचे मूल असो की पेण शहरातले, महागडे धनुष्य सगळ्यांना परवडत नाही. कागदाची पट्टी, पेन्सिल आणि २५ मिलिमीटरचे माप मात्र सगळ्यांना परवडते. सुरुवात तिथूनच करा.